आमचे मुन्सफ

प्रत्येक तालुक्याच्या गावी न्यायदानाची स्थाने दोन असतात. त्यांपैकी पहिले सरकारी असून तेथे काळे कोट, पिवळी पडलेली दप्तरे आणि 'पुढील तारीख' या तिहींचा अखंड निवास असतो, हे त्या वास्तूच्या पायऱ्या ज्याने एकदा जरी चढल्या असतील त्यास निराळे सांगावयास नको. दुसरे स्थान बिनसरकारी. ते बहुधा बसस्थानकाच्या समोर, झेरॉक्स, रिचार्ज, मोबाईल दुरुस्ती आणि ऑनलाईन अर्ज अशा चतुर्विध उद्योगांनी गजबजलेल्या एखाद्या चिंचोळ्या दुकानात भरते. तेथे निकाल जागच्या जागी मिळतो, तो तोंडी असतो, त्याची नक्कल मागता येत नाही आणि त्यावर अपील चालत नाही. औरादला, हुमनाबादला, बसवकल्याणला, आळंदला, किंबहुना बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांच्या ज्या ज्या कोपऱ्यात मराठी, कन्नड आणि दख्खनी या तिन्ही भाषा एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात, तेथे तेथे असे एक दुकान आणि त्या दुकानात असा एक न्यायाधीश मी पाहिलेला आहे. त्याच्यापुढे चालणारे खटले मात्र जमिनीचे, वाटणीचे किंवा बांधाचे नसतात. ते असतात व्हिडिओ गेमचे.

आमच्या भालकीच्या न्यायाधीशास गावाने 'मुन्सफ' हे पद केव्हा बहाल केले याचा रोजनामा उपलब्ध नाही. निजामाच्या अमदानीत मुन्सफ रस्त्याने निघाला म्हणजे माणसे बाजूस होत. आमच्या मुन्सफाच्या वाटेत माणसे मुद्दाम येऊन उभी राहतात, कारण त्याच्या दुकानापुढचा रस्ता मुळातच अरुंद आहे आणि शाळा सुटल्यानंतर पक्षकारांची गर्दी मोठी असते. वय चाळिशीच्या किंचित अलीकडे, चष्मा जाड, आवाज बेताचा, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यास दीर्घ व्यासंगाने पडलेला घट्टा, जो तो प्रसंगविशेषी पुराव्यादाखल हजर करतो. परगावच्या मनुष्यास वाटावे की हा खेळण्यातही तितकाच निष्णात असेल. तसे नाही. इयत्ता चौथीतील मुले त्यास हरवतात, आणि हरल्यावर तो अंगठ्याचा घट्टा चोळीत, विजेत्याच्या तोंडावर, त्या खेळाच्या रचनेतील दोष अशा शांतपणे विशद करतो की जिंकलेल्या पोरास आपण काहीतरी गैरकायदा केला असावा असे वाटू लागते.

माझा आणि त्याचा परिचय माझ्या निवृत्तिवेतनामुळे झाला. दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना आपण हयात आहो हे सरकारास अंगठा टेकवून सिद्ध करावे लागते, आणि ते यंत्र मुन्सफाच्या दुकानात आहे. तेथे रांगेत उभा राहून मी पहिल्या प्रथम हे जाणले की ज्या काउंटरवर माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या एका जिवाचा दाखला मिळण्यास इतका विलंब लागतो, त्याच काउंटरवर पलीकडच्या बाजूस दहा वर्षांची मुले आपले तीन-तीन जीव लीलेने उधळीत असतात. रांग पुढे सरकेना, म्हणून मी ऐकत राहिलो. आणि ऐकता ऐकता ध्यानात आले की येथे चाललेला वादविवाद पोरखेळाचा असला तरी पोरकट नाही.

मुन्सफाची कसोटी एकच. खेळात मेल्यानंतर खेळाडूच्या मनात प्रश्न उठतो की चूक कोणाची. या प्रश्नाचे उत्तर 'माझी' असे प्रामाणिकपणे देता आले तर खेळ निर्दोष, आणि 'खेळाची' असे द्यावे लागले तर खेळ दोषी. चित्रे सुंदर आहेत की नाहीत, आवाज खणखणीत आहे की नाही, या गोष्टी त्याच्या लेखी सर्वस्वी दुय्यम. एकदा एका मुलाने एका नव्या खेळाच्या ग्राफिक्सची फारच स्तुती आरंभिली, तेव्हा तो म्हणाला, "बीदरला जाऊन बिदरीचं काम बघून ये. चांदीची तार ठोकायची ती जस्त-तांब्याच्या भांड्यावर, आणि ते काळं करायचं किल्ल्याच्या मातीनं. खालचं भांडंच ठिसूळ निघालं, तर वरच्या चांदीला काय करणार? ग्राफिक्स म्हणजे तार. मी भांडं वाजवून बघूलालो." हा युक्तिवाद ऐकून मी त्याच्याकडे माझा पहिला सन्मानपूर्वक दृष्टिक्षेप टाकला.

आता या न्यायबुद्धीचा उगम कोठे झाला ते सांगणे प्राप्त आहे. परळी–विकाराबाद लोहमार्गाने बीदर-भालकीची माणसे खरेदीसाठी हैदराबादेस जाण्याचा प्रघात जुना आहे. शतक सरता सरता मुन्सफाच्या मामाने कोठीतल्या गुजराती गल्लीतून एक यंत्र आणले. ते जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1983 साली काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरची बेमालूम नक्कल होते, आणि त्यासोबत मिळालेल्या पिवळ्या कॅसेटवर एवढे खेळ असल्याची ग्वाही छापलेली होती की रोज एक याप्रमाणे खेळत गेले तरी दोन पिढ्या पुरावेत. प्रत्यक्षात त्यात मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी पुन:पुन्हा दाखल केलेले होते. खेळ चालेनासा झाला की कॅसेट काढावयाची, तिच्या तोंडात फुंकर घालावयाची आणि पुन्हा बसवावयाची. ही क्रिया वाड्यातील थोरल्या भावाच्या अधिकारात होती, कारण धाकट्यांच्या फुंकरीत थुंकी येते असा आरोप होता.

त्या कॅसेटवर कॉन्ट्रा होता. 1987 साली कोनामी कंपनीने काढलेला आणि पुढल्याच वर्षी घरगुती यंत्रावर आलेला हा दोघांनी मिळून खेळावयाचा गोळीबार, आजही मुन्सफाच्या दरबारी अव्वल मानाचा. त्याचे कारण बंदुका नव्हेत. या खेळात एका भावाचे सर्व जीव संपले की त्याने एक बटण दाबावयाचे, आणि दुसऱ्या भावाच्या खात्यातील शिल्लक जीव आपल्याकडे वळता करून घ्यावयाचा. त्यासाठी विचारावे लागत नाही, अर्ज नाही, संमतिपत्र नाही. येथून जवळच असलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि बंगाल वगळता बहुतेक हिंदुस्थानातील एकत्र कुटुंबांच्या वाटण्या पुढे त्या ग्रंथाच्या आधारे होत राहिल्या, हे मी शाळेत अनेक वर्षे शिकवीत आलो. परंतु जन्मानेच प्राप्त होणारा सहदायादाचा हक्क म्हणजे काय, याचे इतके रोकडे उदाहरण मला त्या दुकानातच मिळाले. "भाऊ माझे जीव घेत गेला," मुन्सफ सांगतो, "मी मागं उभा राहून त्याला जपलो, आणि शेवटच्या राक्षसापाशी दोघंही खलास. पण भांडण नाही गुरुजी. पुढं शेताची वाटणी झाली, तेव्हा मात्र झालं."

याच खेळात वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशी बटणे क्रमाने दाबून तिसाच्या हिशेबाने जीव मिळविण्याची एक गुप्त किल्ली आहे, ती जाणकारांस ठाऊकच असेल. काझुहिसा हाशिमोतो नामक जपानी गृहस्थाने ती मुळात 1986 सालच्या ग्रॅडियस या दुसऱ्याच एका खेळासाठी बनविली, कारण तो खेळ त्याचा त्यालाच झेपेना. मुन्सफ या किल्लीस 'वशिला' म्हणतो. पण तिचा निषेध करीत नाही. ज्या कर्त्याला आपलाच कायदा पाळणे जमत नाही हे कळले, आणि कळल्यावर ज्याने ती पळवाट स्वतःपुरती न ठेवता सर्वांच्या हाती पडू दिली, त्याच्याइतका सज्जन कायदेकर्ता त्याने दुसऱ्या कोणत्याही खात्यात पाहिलेला नाही.

मारिओविषयी त्याचे मत किंचित कडवट आहे. 1985 सालच्या त्या सुप्रसिद्ध खेळात बिचारा नायक खड्डे, कासवे, आगीचे गोळे यांतून वाट काढीत किल्ल्याच्या टोकाशी पोहोचतो, आणि तेथे त्यास सांगितले जाते की राजकन्या येथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे एकदा नव्हे, सात वेळा. "हे लिहिणारा माणूस जपानचा म्हणतात," मुन्सफ म्हणतो, "पण त्यानं उत्पन्नाचा दाखला आपल्याकडनंच काढलेला असणार." दिवसभर लोकांचे ऑनलाईन अर्ज भरण्याचा धंदा करणाऱ्या मनुष्याने असे म्हणावे, यात पक्षपात आहे की अनुभव, हे वाचकाने ठरवावे.

यानंतर संगणकाचे युग आले आणि त्याबरोबर विजेचा प्रश्न आला. आमच्याकडे वीज ही ऋतूप्रमाणे येते आणि पाहुण्याप्रमाणे जाते, म्हणजे येताना कळवून येते आणि जाताना न कळवता. आणि मुन्सफाच्या मतांचा अर्धा ग्रंथ या एका परिस्थितीतून निर्माण झालेला आहे. 2000 साली नॉर्वेतील इनरलूप या मंडळींनी प्रोजेक्ट आय.जी.आय. हा हेरगिरीचा खेळ काढला. त्यात मोहिमेच्या मध्येच आपली प्रगती जतन करून ठेवण्याची सोय नव्हती. सबंध मोहीम एका दमात पार पाडावयाची, मध्ये मेला तर पहिल्यापासून. जगभरच्या खेळाडूंनी यावर नाके मुरडली. मुन्सफ नाक मुरडीत नाही. तो फक्त साक्ष देतो. सायबर कॅफेच्या कोपऱ्यातील यंत्रावर बसून, तारेच्या कुंपणाखालून सरपटत, पहारेकऱ्यांच्या पाठी चुकवीत, अर्ध्या तासाच्या श्रमाने तो शत्रूच्या दप्तराच्या दारापर्यंत पोहोचला असता पंखा मंदावला, पडदा काळा झाला, आणि कॅफेच्या मालकाने तरीही पूर्ण तासाचे पैसे घेतले. चूक कोणाची? खेळाची म्हणावी तर खेळ बंद पाडणारा तो नव्हे. आपली म्हणावी तर आपण सरपटण्यात कसूर केली नाही. हा खटला मुन्सफाने आजतागायत तहकूब ठेवला आहे. "नॉर्वेत लाईट जात नसणार," एवढाच शेरा त्याने दप्तरावर मारलेला आहे.

उलटपक्षी नोकियाच्या फोनमधील साप. टानेली आर्मान्टो या अभियंत्याने 1997 साली 6110 या फोनात तो सोडला, आणि पुढे 1100 नामक विजेरीवाल्या फोनातून त्याची पिलावळ आमच्या प्रत्येक शेतवस्तीपर्यंत सरपटत आली. मुन्सफाच्या मते हाच एक असा खेळ, ज्यात मरणाचे दायित्व पूर्णांशाने खेळाडूचे आहे: साप आपलाच, शेपूट आपलेच, आणि दंश आपला आपल्यालाच. शिवाय वीज गेली तरी तो चालतो. आणि वीज गेल्यावर त्याच फोनच्या विजेरीने फ्यूज शोधता येतो. अष्टपैलू खेळ म्हणून त्याने याची नोंद केली आहे.

व्हाइस सिटी या खेळाच्या नायकास बंगले, मोटारी, हेलिकॉप्टरे सर्व काही मिळविता येते. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तो रणगाडा पळवितो. परंतु गुडघाभराहून अधिक पाण्यात पडला की त्याच क्षणी त्याचा अंत होतो, कारण 2002 सालच्या त्या कर्त्यांनी त्यास पोहणे शिकविलेले नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले जाणाऱ्या, आणि मांजरेच्या डोहात उन्हाळे घालविणाऱ्या पोरांच्या गावात या नायकाची पत ती काय राहणार? मुन्सफाने त्यास गुन्हेगारीच्या आरोपातून मुक्त करून केवळ पोहता येत नसल्याबद्दल दोषी ठरविले.

मात्र त्याचा सर्वांत विस्तृत, आणि माझ्या मते सर्वांत विद्वत्तापूर्ण, फैसला आहे तो प्रिन्स ऑफ पर्शियाविषयी. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने आपल्या भावाच्या धावण्या-उडण्याची चित्रफीत काढून तीवरून 1989 साली हा खेळ रचला. त्यात साठ मिनिटांच्या आत राजकन्येस सोडवावयाचे, आणि जो दुष्ट तो इराणच्या सुलतानाचा वजीर. 2003 साली याच परंपरेत सॅन्ड्स ऑफ टाइम आला. तो सुरू होतो हिंदुस्थानातील एका महाराजाच्या महालावरील चढाईपासून, आणि तेथेही घात करणारा कोण, तर वजीर. यावर मुन्सफाने पोरांस दुकानाच्या बाकावर बसवून जो तपशिलवार खुलासा केला, तो मी स्वतः ऐकला आहे. तो म्हणाला की इराणहून आलेला वजीर कसा असतो हे सांगण्याचा अधिकार अमेरिकेस नाही, तो बीदरास आहे. गीलानहून आलेला महमूद गवान येथे बहामनींचा वजीर झाला, त्याने 1472 च्या सुमारास तो प्रचंड मदरसा बांधला ज्याच्या एका मिनाराखाली शाळेच्या सहली आजही डबे सोडतात, आणि 1481 साली दरबारी मंडळींनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र रचून दाखविल्यावर सुलतानाने चौकशी न करता त्याचे शिर उडविले. सुलतान पुढल्याच वर्षी पश्चात्तापाने झुरत वारला. "आता सांगा," मुन्सफ पोरांकडे वळून म्हणाला, "त्या खेळात काळ उलटा फिरवायचा खंजीर कोणाकडं आहे? राजपुत्राकडं. उडी चुकली की वापरायला. अरे, खरी गरज कोणाला होती? सुलतानाला! एकदा मागं घेतला असता, तर सही तपासली असती."

पोरांपैकी एकाने विचारले की मग वजिराच्या बाजूचा खेळ का नाही. मुन्सफ काही क्षण विचारात पडला. मग त्याने सांगितले की असा खेळ झाला तर तो चालणार नाही, कारण त्यात खेळाडूने काहीही चूक न करता तो मरतो, आणि असे खेळ या दुकानात दोषी ठरतात. आपल्याच कसोटीने आपलाच आवडता पक्षकार हरतो हे पाहूनही निकाल न फिरविणारा न्यायाधीश मी सरकारी इमारतीतही फारसा पाहिलेला नाही.

अशा वेळी माझ्यातील निवृत्त शिक्षक उचल खातो. त्याचा अहंकार किंचित उतरवावा म्हणून एके दिवशी मी त्यास सांगितले की खेळांविषयी मते देणारा या प्रांतातील तू पहिला नव्हेस. तुझ्या आधी कल्याणीच्या गादीवर बसलेल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने 1130 च्या सुमारास मानसोल्लास नावाचा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात वीस विनोद आणि वीस क्रीडा यांस स्वतंत्र विभाग दिले, आणि हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, गळाने धरावयाचे मासे यांपासून द्यूत-बुद्धिबळापर्यंत काहीही वगळले नाही. मुन्सफाने हातातील फोनची मागची बाजू उघडी ठेवून सर्व ऐकून घेतले. नंतर उलटतपासणी सुरू झाली. राजा स्वतः खेळत होता की बघत होता? दोन्ही, मी म्हणालो. खेळताना हरत होता काय? राजास कोण हरविणार, मी म्हणालो. "मग त्याचं मत कशाला धरायचं, गुरुजी?" असे म्हणून त्याने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतला, आणि चालुक्य साम्राज्याचा दावा खर्चासह फेटाळला गेला.

मुन्सफाच्या दरबारी क्रिकेटचा खेळ एकच, 2007 च्या नावाने निघालेला ईए स्पोर्ट्सचा. परवान्याअभावी त्यात कित्येक देशांच्या खेळाडूंची नावे जाणूनबुजून थोडी थोडी बिघडवलेली होती, आणि पुण्या-मुंबईची मुले त्यावर संतापत. आमच्याकडे कोणी संतापले नाही. मराठी नाव कन्नड लिपीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा आधार कार्डावर येईतो तीन सख्ख्या भावांची आडनावे तीन होतात, ही ज्या मुलखातील रोजची वहिवाट, तेथे एका फलंदाजाच्या नावात दोन अक्षरे इकडची तिकडे झाली याचे कौतुक ते काय?

याच सीमाभागी स्वभावाने मुन्सफास पबजीच्या प्रकरणात तारले. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने त्या खेळास हद्दपार केले तेव्हा दुकानापुढे सुतकी कळा पसरली होती. एरँगेल नावाच्या आठ किलोमीटर लांब-रुंद बेटावर शंभर जणांनी छत्रीने उतरावयाचे, पडक्या घरांतून शस्त्रे वेचावयाची, आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटचा उरावयाचे, हा त्या पोरांचा नित्यक्रम. आपसांत बोलणे दख्खनीत, मध्येच हाक मारणाऱ्या आईस उत्तर मराठीत, मास्तर दिसले तर कन्नडात, आणि शत्रूस शिव्या इंग्रजीत. मुन्सफ एकटा स्वस्थ होता. त्याने पोरांस सांगितले की आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाचा, 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा, मग म्हैसूरचा, मग कर्नाटकाचा. 2014 साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, 2019 साली हैदराबाद-कर्नाटकाचे कल्याण-कर्नाटक झाले. आणि इतके होऊन पहाणीवरचा सर्व्हे नंबर तोच. खेळही पाटी बदलून येईल. 2 जुलै 2021 रोजी तो बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया या नावाने, हिरवे रक्त आणि अठरा वर्षांखालच्यांस दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा अशा मुचलक्यावर सुटून आला. पुढल्या जुलैत पुन्हा आत गेला, आणि 2023 च्या मे अखेरीस पुन्हा जामिनावर बाहेर. मुन्सफाची प्रतिष्ठा त्या काळात इतकी वाढली की पावसाविषयीही लोक त्यास विचारू लागले. हिरव्या रक्ताविषयी मात्र त्याचा कडक शेरा आहे: मारलेच तर लाल सांडावे; हिरवे सांडून मारल्याचे पाप लपत नाही, कोथिंबीर वाया गेल्यासारखे दिसते, एवढेच.

न्यायखात्याशी त्याचा एकदाच खरा मतभेद झाला. 14 फेब्रुवारी 2022 या एकाच दिवशी दोन वार्ता आल्या: दिल्लीच्या सरकारने फ्री फायरवर बंदी घातली, आणि बंगळूरच्या उच्च न्यायालयाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवरची राज्याची 2021 सालची बंदी रद्द ठरविली. फुकट मरणारे कैदेत आणि पैशाने मरणारे मोकळे, अशी ती तारीख त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने घेरून ठेवली होती. 2025 च्या ऑगस्टात संसदेने पैशाच्या खेळांस देशभर मनाई करणारा कायदा केला, तेव्हा ते कॅलेंडर त्याने उतरविले. रमी आणि तीन पत्तीवाल्यांचे रिचार्ज त्याने त्याआधीही कधी नाकारले नव्हते, ही गोष्ट खरी. पण न्यायाधीशासही घर चालवावे लागते.

अलीकडे त्याच्या न्यायालयावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. नव्या खेळांस जी यंत्रे लागतात त्यांची किंमत दुकानाच्या वर्षाच्या भाड्याहून अधिक असल्याने, हे खेळ तो खेळत नाही. दुसरे कोणी खेळत असता यूट्यूबवर पाहतो, आणि त्यावरून निकाल देतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी 2020 साली राजी हा खेळ काढला, त्यात एक मुलगी आपल्या धाकट्या भावास सोडविण्यास राक्षसांवर चालून जाते. मुन्सफाने तो अथपासून इतिपर्यंत दुसऱ्याच्या हातून पाहिला, बहीण निर्दोष ठरविली, आणि कथा ऐन वेळी तोडली म्हणून कर्त्यांस समज दिली. कलबुर्गीच्या अभियांत्रिकीत शिकणाऱ्या एका पोराने, ज्याच्या तोंडात प्रोसेसर आणि फ्रेम रेट याशिवाय शब्द नसतो, यास ऐकीव पुरावा म्हणून हरकत घेतली. मुन्सफाने उत्तर दिले की सरकारी मुन्सफानेही खून स्वतः केलेला नसतो.

आता त्याच्या सर्वांत कठोर निकालाविषयी. खेळाडूस जीव मागावयास लावणारे खेळ त्याच्या मते निंद्यांत निंद्य. आणि त्यांत अग्रगण्य 2012 पासून घरोघरी शिरलेला कॅन्डी क्रश. पाच जीव देतात. ते संपले की एका जिवासाठी अर्धा तास तिष्ठावे, किंवा पैसे मोजावे, किंवा ओळखीपाळखीच्यांपुढे पदर पसरावा. "हा खेळ नव्हे, भीक आहे," तो काउंटरवर हात आपटून सांगत होता, "आणि ज्याला स्वाभिमान आहे तो माणूस –" इतक्यात फोन वाजला. मुन्सफाने तो उचलला, दुकानाकडे पाठ केली आणि आवाज पडला.

"हौ आई. संपले का? आत्ता सकाळी तर दिलो होतो. बरं, बरं. पाठवूलालो."

अंगठ्याच्या दोन हालचालींत कामगिरी उरकली. पोरे वहीत तोंड घालून हसत होती. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की मातोश्रींना गुडघ्यांमुळे बाहेर पडवत नाही, इंग्रजीचे अक्षर त्यांस येत नाही, आणि त्या खेळाच्या तीन हजारांपुढच्या घरात आहेत. मुन्सफ स्वतः गुपचूप तो खेळून पाहता झाला, तो दोनशेच्या आतच अडकून पडला. मी विचारले की या प्रकरणी चूक कोणाची धरावयाची. त्याने चष्मा पुसला आणि सांगितले की ते प्रकरण वरच्या कोर्टात आहे.

गेल्या आठवड्यात मातोश्री स्वतः रिक्षाने दुकानी आल्या. त्यांनी मला नमस्कार केला, बाकावर बसून घटकाभर पोरांचा गोळीबार पाहिला, आणि त्यात एवढी माणसे मारून शेवटी मिळते काय अशी पृच्छा केली. कोंबडीचे जेवण मिळते, आणि तेही खोटेच, हे ऐकून त्यांनी पदर सावरला. मग माझ्याकडे पाहून मुन्सफास म्हणाल्या, "गुरुजींच्या फोनवर पण तेवढं घालून दे रे. तेवढेच पाच जीव येतील."

मुन्सफाने माझा फोन मागितला. मी दिला.